प्रलय होऊन किती वर्षं झाली, ते आधी बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘अटॅक ऑन टायटन’ ही ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका झपाटल्यासारखी शेवटपर्यंत पाहिली. आता तसंच, जग संपून गेल्यानंतरचं काहीतरी हवंय. कुठल्याशा ‘सर्वोत्तम पंचवीस’च्या यादीतून तीन उचलले, ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’, ‘इव्हँजेलियन’ आणि ‘गर्ल्स लास्ट टूर’, आणि तिन्ही दुसऱ्या-तिसऱ्या भागात सुटले. शंभर-दीडशे भागांचं रामायण नको. जपानी लोकांना जग बुडवायची एवढी हौस का, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, ‘अकरा वर्षांची मुलगीही कधीकधी शेजारी येऊन बसते.’

उत्तराच्या दृष्टीने त्या शेवटच्या ओळीला सगळ्यात जास्त वजन आहे. पण तिच्याकडे मग येतो.

मी पुण्यात जपानी शिकवतो. शनिवारी संध्याकाळचा वर्ग सुटला की खुर्च्या मागे सरकवायच्या, प्रोजेक्टर लावायचा आणि ॲनिमेचे दोन भाग बघायचे, असा आमचा नऊ वर्षांचा परिपाठ आहे. पंधरा-वीस जण थांबतात. कॉलेजची मुलं, आयटीतली मंडळी, एक बँकेतून निवृत्त झालेले काका. समीक्षा वगैरे मला जमत नाही. पण कुठल्या प्रसंगाला लोक चहाला उठतात आणि कुठल्या भागानंतर ‘सर, अजून एक लावा ना’ म्हणतात, ते इतक्या वर्षांत पाठ झालंय. खाली जे सांगतोय ते त्या भांडवलावर.

या याद्यांची मुख्य अडचण अशी की त्या फक्त जागा सांगतात, चव सांगत नाहीत. उद्या कुणी ‘कोकणात घडणाऱ्या पंचवीस कादंबऱ्या’ अशी यादी केली, तर त्यात भुताटकीही येईल, भाऊबंदकीही येईल आणि मुंबईच्या गिरणीतून परतलेला चाकरमानीही येईल. एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच याची काय हमी? तुमच्या तीन मालिकांचंही तेच झालं. पहिलीत अणुयुद्धानंतरच्या वाळवंटात एक पहिलवान बोटं टोचून गुंडांची डोकी फोडत फिरतो. दुसरीत अर्धी मानवजात मेल्याला पंधरा वर्षं झालीत, पण गोष्ट चालू आहे ती एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात. तिसरीत दोन मुली एका मेलेल्या शहरातून गाडी चालवत जातात आणि सूप पितात. तिन्हीकडे जग बुडालेलं आहे, एवढंच काय ते साम्य.

म्हणून माझ्याकडे कुणी असं काही मागितलं की मी उलट विचारतो: जग बुडून किती वर्षं झालेली असावीत?

हा प्रश्न वाटतो तेवढा विक्षिप्त नाही. जग काल-परवा बुडालं असेल, तर गोष्ट जीव वाचवण्याची होते. पाणी कुठे आहे, दार टिकेल का, कुणाला चावा बसलाय. पंधरा-वीस वर्षं झाली असतील, तर ती दोन पिढ्यांची गोष्ट होते. एकीला आधीचं जग आठवतं, दुसरीला ते फक्त ऐकून माहीत असतं. आणि शेकडो-हजारो वर्षं उलटली असतील, तर बुडालेलं जग हेच मुळात एक कोडं होऊन बसतं. काय झालं होतं, कुणी केलं, आणि आपल्यापासून ते कुणी लपवलं?

‘अटॅक ऑन टायटन’ या तिसऱ्या घरातलं. माणसं खाणाऱ्या राक्षसांपासून लपून भिंतीआड शंभरेक वर्षं गेलेली आणि आधीचं कुणालाच आठवत नाही. तुम्ही राक्षसांसाठी बघत होतात असं तुम्हाला वाटत असेल, पण माझा अंदाज वेगळा आहे. तुम्ही नायक एरेनच्या गळ्यातल्या किल्लीसाठी बघत होतात, ज्या तळघरात जगाचं गुपित दडलंय त्याच्या किल्लीसाठी. तसं नसेल, मारामारीच आवडली असेल, तर पुढचा सल्ला तुमच्या कामाचा नाही हे आत्ताच सांगतो.

किल्लीवाल्या माणसासाठी माझं पहिलं नाव: ‘शिनसेकाई योरी’, म्हणजे ‘नव्या जगातून’. २०१२-१३ मधली मालिका, पंचवीस भाग आणि गोष्ट पूर्ण. युसुके किशी यांच्या २००८ च्या कादंबरीवर बेतलेली. आजपासून हजार वर्षांनंतरचा जपान. नदीकाठी, हिरव्यागार शेतांत वसलेलं एक शांत गाव. माणसांना मनाने वस्तू हलवायची शक्ती आलेली आहे आणि मुलांना शाळेत तिचंच शिक्षण मिळतं. सगळं गोजिरवाणं. फक्त अधूनमधून वर्गातलं एखादं मूल दिसेनासं होतं, आणि त्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही.

यातल्या एका गोष्टीसाठी मला थोडं आडवळणाला जाऊ द्या. मालिकेत सूर्य मावळला की गावातल्या भोंग्यावरून एक धून वाजते आणि मुलं खेळ टाकून घरी पळतात. संगीतकार ड्व्होर्झाकच्या ‘नव्या जगातून’ या १८९३ च्या सिंफनीतला तो संथ भाग आहे. मालिकेचं नाव तिथूनच आलंय. जपानमध्ये त्या सुरावर शब्द बसवून त्याचं ‘इएजी’, म्हणजे ‘घरची वाट’, असं गाणं फार पूर्वीच झालं. मी पहिल्यांदा जपानला गेलो तेव्हा एका संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावरच्या खांबावरून अचानक असाच एक सूर सुरू झाला. मी दचकून आजूबाजूला बघायला लागलो, की काही झालंय का. शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी मान वरही केली नाही. नंतर कळलं की हे भोंगे नगरपालिकेचे असतात, मूळ काम भूकंप-वादळाची सूचना द्यायचं. चालू आहेत ना, हे तपासायला बऱ्याच गावांत ते रोज संध्याकाळी वाजवतात आणि मुलांनाही घरी जायची वेळ कळते. संकटाची सूचना देणारं यंत्र रोज अंगाईसारखं वाजतं. हे माहीत असलं की पहिल्याच भागातली ती संध्याकाळ तुम्हाला जरा वेगळी ऐकू येईल.

इशारे दोन. पहिले तीन भाग गोंधळात टाकतात, पण चौथ्या भागापर्यंत दम धरा. त्या भागात हजार वर्षांचा इतिहास एकदम समोर येतो आणि आमच्या वर्गात त्या शनिवारी कुणी चहाला उठलं नव्हतं. दुसरं म्हणजे, ही मालिका मुलगी झोपल्यावर बघायची. मुलांवर फार वाईट प्रसंग येतात आणि काही नातेसंबंध असे आहेत की शेजारी अकरा वर्षांची पोर असेल तर तुम्ही रिमोट शोधत बसाल.

आता मुलगी. तिच्यासाठी, आणि खरं तर तुमच्यासाठीही, मी ‘फ्यूचर बॉय कोनान’ सुचवेन. १९७८ ची मालिका, सव्वीस भाग. दिग्दर्शक म्हणून हायाओ मियाझाकी यांचं हे पहिलं मोठं काम. चित्रं जुनी वाटतील, तिसऱ्या मिनिटाला ते विसराल. गोष्टीतल्या हिशेबाप्रमाणे जुलै २००८ मध्ये अणुबॉम्बपेक्षाही भयंकर चुंबकीय अस्त्रांनी अर्धं जग क्षणात नष्ट झालं, पृथ्वीचा आस कलला आणि खंड समुद्रात गेले. कथा त्यानंतर वीस वर्षांनी सुरू होते. एका बेटावर म्हातारे आजोबा आणि कोनान नावाचा पोरगा, एवढेच राहतात. आजोबांना आधीचं जग माहीत आहे. कोनानला आजोबा, समुद्र आणि शार्क माहीत आहेत. एक दिवस किनाऱ्याला लागलेली मुलगी त्याला सापडते. त्याने आयुष्यात पाहिलेलं आपल्या वयाचं पहिलं माणूस.

हा पोरगा पायाच्या बोटांनी विमानाला लटकतो. अक्षरशः. माझी भाची नऊ वर्षांची असताना आम्ही हे बघितलं. सबटायटलं तिला इतक्या वेगाने वाचता येत नव्हती, म्हणून मी शेजारी बसून मराठीत बोलत होतो. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत ती मला ‘मामा, गप्प बस, मला कळतंय’ म्हणायला लागली. कृती इतकी स्वच्छ काढलेली आहे की संवाद निम्मे सुटले तरी गोष्ट सुटत नाही.

मोठ्यांसाठी त्यात वेगळं काहीतरी आहे. जुन्या जगाच्या अवशेषांतून प्लास्टिक गोळा करून नेणारं एक गलबत आहे. प्लास्टिक हा तिथला कच्चा माल, बुडालेल्या पिढीने मागे ठेवलेली खाण. आणि तिथली मोठी माणसं सतत दोन काळांत राहतात. आमच्या वर्गात लातूरकडची एक मुलगी होती, १९९३ च्या भूकंपानंतर जन्मलेली. कोनान बघताना ती म्हणाली, ‘सर, आमची आजी असंच बोलते. भूकंपाच्या आदी आन् भूकंपानंतर. लग्नं, बाळंतपणं, जमिनीचे व्यवहार, समदं त्यातच मोजती.’ वर्गात बोलताना ती नेहमी प्रमाण मराठी बोलायची. आजीची गोष्ट निघाली आणि भाषा आपोआप बदलली. वीस वर्षांचं अंतर म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं मला समजावता येणार नाही.

कोनान संपला की मियाझाकींचाच ‘नाउसिका’ लावा. १९८४ चा चित्रपट, दोन तासांच्या आत. हा पुन्हा तिसऱ्या घरातला: ‘अग्नीचे सात दिवस’ होऊन हजार वर्षं झालीत आणि पृथ्वीवर विषारी बुरशीचं जंगल पसरत चाललंय. सुरुवातीला एक प्रवासी ओस पडलेल्या घरात शिरतो, खाली पडलेली बाहुली उचलतो आणि ती हातातच भुगा होऊन गळते. बस, एवढंच. पण ‘आणखी एक गाव गेलं’ हे सांगायला यापेक्षा कमीत कसं भागवणार? त्या जंगलाला मूळ जपानीत ‘फुकाई’ म्हणतात. लिहिताना ‘सडणं’ आणि ‘समुद्र’ अशी दोन चिन्हं. इंग्रजी सबटायटलमध्ये ‘विषारी जंगल’ एवढंच उरतं आणि समुद्र गायब होतो. मियाझाकींनी या कल्पनेमागे मिनामाताचा उपसागर असल्याचं सांगितलंय. तिथे कारखान्याने सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे विषारी झाले, ते खाणारी माणसं लुळी पडली, आणि मासेमारी थांबल्यावर त्याच पाण्यात माशांची संख्या वाढली. निसर्ग माणसासाठी शोक करत थांबत नाही, ही चित्रपटातली कल्पना तिथली आहे. मुलीला यातलं काही सांगू नका. तिला ते महाकाय किडे बघू देत.

तिला विज्ञान आवडत असेल तर ‘डॉक्टर स्टोन’. सगळी मानवजात एका क्षणात दगड होते आणि सेंकू नावाचा मुलगा ३,७०० वर्षांनी जागा होतो. दगडात असताना तो सेकंद मोजत असतो, त्यामुळे त्याला तारीखही माहीत आहे. मग शून्यापासून सुरुवात. समुद्रकाठचे शिंपले कुटून त्यातून साबण, पुढे एका आजारी मुलीसाठी सल्फा, म्हणजे जंतू मारणारं औषध. आमच्याकडे सगळ्यात जास्त हशा कशाला पिकला माहितेय? गावकऱ्यांना कामाला लावण्यासाठी सेंकू रानातल्या गवताच्या दाण्यांपासून रामेन, म्हणजे जपानी नूडल्स, करून त्यांना भुलवतो. ते गवत म्हणजे आपल्या राळ्याचं रानटी भावंडं. बँकेतले काका लगेच म्हणाले, ‘आमच्या आईने राळ्याचा भात केला की आम्ही ताटावरून उठायचो. नूडल्स केल्या असत्या तर!’ पहिला सीझन चोवीस भागांचा आहे, पुढे गोष्ट लांबते. आरडाओरडा फार आहे, सलग चार भाग बघितले तर मोठ्या माणसाचं डोकं दुखतं. मुलांचं दुखत नाही.

आतापर्यंत जमा झालेलं असं: तुमच्या एकट्यासाठी रात्री ‘शिनसेकाई योरी’, दोघांसाठी ‘कोनान’, मग ‘नाउसिका’, आणि तिला हवं असेल तर ‘डॉक्टर स्टोन’.

आता तुम्ही सोडून दिलेली ‘गर्ल्स लास्ट टूर’. ही मालिका तुम्ही चुकीच्या दिवशी लावलीत असं मला वाटतं. २०१७ ची, अवघे बारा भाग. चितो आणि युरी, दोघी लष्करी कोट घालून एका मजल्यावर मजला चढवलेल्या शहरातून वर वर चालल्यात. गाडी म्हणजे पुढे मोटरसायकलचं चाक आणि मागे रणगाड्याचे पट्टे, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याकडे होती तशी. युद्ध कुणात झालं, कधी झालं, कुणालाच ठाऊक नाही, आणि या दोघींना त्याची फिकीरही नाही. म्हणजे माझा ‘किती वर्षं झाली’ हा प्रश्नच इथे निकालात निघतो. वर्षं मोजणारंच कुणी उरलेलं नाही.

तुमची तक्रार ‘काही घडतच नाही’ अशी होती. पहिल्याच भागात पाच खाण्याच्या वड्या सापडतात. दोघींत पाच. शेवटची एक उरते तेव्हा युरी हसत हसत मैत्रिणीवर बंदूक रोखते आणि ती वडी खाऊन टाकते. चितो चिडून तिला बदडते, आणि दोघी पुढे निघतात. गंमत म्हणून बघितली तर गंमत, पण मागच्या बर्फात पडलेले रणगाडे कशापायी तिथे पोचले, ते त्या अर्ध्या मिनिटात सांगून झालेलं असतं. पुढे एकदा पाऊस लागतो आणि दोघी आडोशाला बसतात. हेल्मेटवर, रिकाम्या डब्यांवर थेंब पडून वेगवेगळे आवाज येतात आणि संगीत ऐकायला न मिळालेल्या दोघी ते ऐकत राहतात. किल्ली शोधणाऱ्याला यातून काहीच मिळणार नाही, कारण इथे कुलूपच नाही. पण एखाद्या पावसाळी रविवारी, लाइट गेलेले असताना, फोनवर एकच भाग लावून बघा.

मूळ नावात ‘शूमात्सु’ असा शब्द आहे. अर्थ ‘अंतकाळ’. जपानीत अगदी तसाच उच्चार असलेला दुसराही एक ‘शूमात्सु’ आहे, त्याचा अर्थ ‘शनिवार-रविवार’. ऐकणाऱ्याला ‘मुलींची अंतकाळची सहल’ आणि ‘मुलींची वीकेंडची सहल’ एकच. शनिवारच्या वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं की दर वर्षीची बॅच त्याच जागी हसते.

‘हेवनली डिल्यूजन’ हे नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. २०२३ ची, तेरा भागांची, दिसायला अप्रतिम. आपत्तीनंतर पंधरा वर्षांचा जपान, मोडक्या शहरांतून फिरणारे दोघे, आणि समांतर एका बंद आवारात वाढणारी मुलं. किल्लीही आहे. पण शेवटाकडे एक लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, बराच लांबवलेला. मी ही मालिका स्वतः पूर्ण न बघता वर्गात लावली होती. त्या प्रसंगात एक विद्यार्थिनी दप्तर उचलून गुपचूप निघून गेली, आणि मी प्रोजेक्टरजवळ उभा राहून बंद करावं की नको करत राहिलो. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून शेवटच्या भागापर्यंत बघितल्याशिवाय काहीही लावत नाही. आणि गोष्ट तेरा भागांत संपत नाही, हेही लक्षात ठेवा.

बाकीची नावं भराभर. ‘अकिरा’, १९८८: चित्रपट म्हणून अफाट, मोठ्या पडद्यावर संधी मिळाली तर सोडू नका, पण मुलीसमोर मुळीच नाही. ‘इव्हँजेलियन’ पुन्हा प्रयत्न करण्यासारखी आहे, पण आणखी दोन वर्षांनी, आणि राक्षस-यंत्रांच्या अपेक्षेशिवाय. तोवर एकच ऐका: त्या मालिकेत सतत रातकिड्यांसारखी किरकिर चालू असते. ते सिकाडा नावाचे किडे, जपानी उन्हाळ्याचा आवाज. आपत्तीनंतर जपानात फक्त उन्हाळाच उरलाय, म्हणून तो थांबत नाही. ‘योकोहामा काइदाशी किको’ हे चार छोटे भाग, समुद्र वर चढलेला, माणसं कमी कमी होत चाललेली, आणि एक यंत्रमानव मुलगी कॉफीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक क्वचितच येतं. मला फार आवडतं, आमच्या वर्गात दोघे झोपले.

राहिला ‘एवढी हौस का’ हा प्रश्न. ‘अणुबॉम्ब’ हे उत्तर तयारच असतं आणि ते खोटं नाही. पण सगळं त्याच एका खुंटीला टांगलं की पुढचं दिसत नाही. कोनान आणि नाउसिका प्रदूषणाच्या दशकांतून आलेल्या पिढीने केले. ‘इव्हँजेलियन’ ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला होता. ती आधीच लिहिली जात होती, त्यामुळे कारण म्हणून सांगत नाही. पण बघणारे काय मनात घेऊन टीव्हीसमोर बसले असतील, ते लक्षात येतं. मला हौसेपेक्षा सवय हा शब्द बरा वाटतो. पाचच्या भोंग्यासारखी.

कुठलं कुठे बघायला मिळेल हे मी लिहीत नाही, कारण ते सारखं बदलतं. तुमच्याकडे कुठली सदस्यत्वं आहेत त्यावर क्रम बदलावा लागला तरी बदला. फक्त ‘नाउसिका’ शक्यतो ‘कोनान’नंतर. आणि डबिंग की सबटायटल यावर वाद न घालता मुलीला जे झेपेल ते घ्या.

‘कोनान’ लावाल त्या दिवशी पहिले दोन भाग सलग लावा, पहिल्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या शेवटी कोनान होडी बांधून बेट सोडतो, आणि तिथे टीव्ही बंद केलात तर मुलगी तिसऱ्यासाठी हटून बसणार. जेवणं आधी उरकून घ्या.